नागपुरात लोक पोलिसांकडे कसे बघतात आणि पोलीस लोकांकडे कसे बघतात?

तुमचा प्रश्न असा आहे: तुम्ही नागपुरात नव्यानेच राहायला आलात. शेजारच्या फ्लॅटमध्ये घरफोडी झाली. पोलिसांना पंच, म्हणजे पंचनाम्याला साक्षीदार, हवे होते, तर अख्ख्या अपार्टमेंटमधून एक माणूस पुढे आला नाही. आणि ज्यांच्याकडे चोरी झाली तेच म्हणाले, "पोलिसांत जाऊन काही होत नसते." मग इथले लोक पोलिसांना भितात की त्यांचा राग करतात, आणि पोलिसांना आपल्याबद्दल काय वाटतं?

एका पोलीस ठाण्याच्या समोर माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. आधी वडील बसायचे, टाइपरायटर घेऊन. आता मी बसते. ठाण्यात जायच्या आधी लोक अर्ज टाइप करून घ्यायला माझ्याकडे येतात, आणि दोषारोपपत्राचे सेट काढायला पोलीसही माझ्याकडेच येतात. एकमेकांविषयी दोघं काय बोलतात, ते दिवसभर कानावर पडतं. ठाण्याचं नाव सांगत नाही. गोष्ट एका ठाण्याची नाहीच.

भीती आहे आणि रागही आहे. पण इतकी वर्षं ऐकून माझं मत असं झालंय की लोकांची पोलिसांबद्दलची मूळ तक्रार एकच असते: लिहून घेत नाहीत. आणि पोलिसांची लोकांबद्दलची मूळ तक्रारही एकच असते: सही करायला कोणी येत नाही. बाकीचं सगळं या दोन गोष्टींवर चढत जातं.

मोबाइलचं घ्या. आठवडी बाजारात भाजी घेताना खिशातून मोबाइल जातो. माणूस माझ्याकडून 'मोबाइल चोरीस गेल्याबाबत' असा अर्ज टाइप करून घेतो, रस्ता ओलांडून आत जातो आणि थोड्या वेळाने तोच कागद हातात घेऊन परत येतो. "ताई, ते म्हणतात चोरी नका लिहू, गहाळ लिहा." मग मी पुन्हा टाइप करते. गहाळ लिहिलं की एक नोंद होते आणि विषय संपतो. चोरी लिहिली की गुन्हा क्रमांक पडतो, तपास अधिकारी नेमावा लागतो, घटनास्थळाचा पंचनामा येतो, आणि महिन्याच्या क्राइम मीटिंगमध्ये 'मागच्या वर्षी एवढे होते, यंदा एवढे का वाढले' हा प्रश्न ठाणेदाराला उभं राहून ऐकावा लागतो. नवं सिम घ्यायला आणि हँडसेट ब्लॉक करायला गहाळची नोंद पुरते, म्हणून तो माणूसही वाद घालत नाही. पण जाताना त्याच्या चेहऱ्यावर जे असतं ते मी रोज बघते. आपला मोबाइल कोणीतरी चोरला, आणि कागदावर मात्र आपणच तो हरवला! पुढे त्याच्या गल्लीत काही घडलं आणि पोलीस माहिती विचारायला आले, तर तो दार किती उघडेल?

कायदा याबाबतीत अगदी स्पष्ट आहे. दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्याचा तपास पोलीस न्यायालयाच्या आदेशाशिवाय करू शकतात अशा गुन्ह्याची, माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच ललिता कुमारी खटल्यात सांगितलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हे कलम १७३ मध्ये आहे. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात माहिती देता येते. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते. ठाण्यात घेतलंच नाही तर पोलीस अधीक्षकाकडे, आपल्या शहरात पोलीस उपायुक्तांकडे, लेखी पाठवता येतं आणि तिथेही दाद मिळाली नाही तर दंडाधिकाऱ्याकडे जाता येतं. तीन वर्षांपासून सात वर्षांच्या आतपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत वरिष्ठांच्या परवानगीने १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करायला मुभा आहे, तेवढं मात्र लक्षात ठेवा. आणि पाच हजारांच्या आतली चोरी आता अदखलपात्र झाली आहे. नाहीतर दोन हजारांच्या फोनसाठी एफआयआरवर अडून बसाल.

मी अर्जात कलम १७३ चा उल्लेख टाकते. टाकला की आतली बोलण्याची पट्टी बदलते, हे खरं आहे. आणि मला त्याचंच वाईट वाटतं. कलम माहीत असलेल्याचं काम होतं. धुणीभांडी करणारी बाई 'साहेब, माया नवऱ्यानं मारलं जी' म्हणत उभी राहते, तेव्हा तिला आधी विचारतात, "जेवली का? मग जा घरी, सकाळी ये." खुर्ची कोणाला मिळते, बाकावर कोण बसतं आणि जमिनीवर कोण, हे दारातूनच दिसतं. इस्त्रीचा शर्ट असेल तर 'बसा सर'. पारध्याच्या बेड्यावरचं, म्हणजे वस्तीवरचं, कोणी असेल तर त्याला बस म्हणणारंही कोणी नसतं. या लोकांना इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून जन्मजात गुन्हेगार ठरवलं, स्वतंत्र भारताने ३१ ऑगस्ट १९५२ ला त्यांना त्या कायद्यातून मुक्त केलं, पण परिसरात चोरी झाली की रात्री पहिली गाडी अजून त्यांच्याच बेड्यावर जाते. त्यांनी पोलिसांकडे कोणत्या नजरेने बघावं, हे त्यांना कोणी विचारत नाही.

लिहून न घेण्याची किंमत या शहराने मोजलेली आहे. तुम्ही नवे आहात, म्हणून थोडक्यात सांगते. कस्तुरबानगरच्या वस्तीत अक्कू यादव नावाच्या गुंडाने कित्येक वर्षं बायकांना छळलं. बलात्कार, मारहाण, खंडणी. तक्रारी केल्या तरी दाद मिळत नाही, उलट आमचं नाव त्याच्यापर्यंत पोचतं, असं त्या बाया सांगत होत्या. १३ ऑगस्ट २००४ ला त्याला जिल्हा न्यायालयात आणलं तेव्हा जमावाने त्याला तिथेच, न्यायालयाच्या आत, ठार मारलं. 'आम्हा सगळ्यांना अटक करा' म्हणत वस्तीतल्या बाया पुढे आल्या. खटला दहा वर्षं चालला आणि २०१४ मध्ये आरोपी पुराव्याअभावी सुटले. देशभर त्याच्या बातम्या झाल्या, कोणी कौतुक केलं, कोणी धिक्कार. मला त्यात कौतुक करण्यासारखं काही वाटत नाही. ज्या बायकांनी आधी ठाण्याच्या पायऱ्या झिजवल्या, त्यांची तक्रार पहिल्याच वेळी नीट कागदावर आली असती तर पुढचं काही घडलंच नसतं, असं मला मनापासून वाटतं.

आता रस्त्याच्या पलीकडून बघा.

कॉमन कॉज आणि लोकनीती-सीएसडीएस या अभ्यास करणाऱ्या संस्थांनी २०१९ मध्ये २१ राज्यांतल्या जवळपास १२ हजार पोलिसांशी बोलून एक अहवाल काढला. त्यात पोलिसांची ड्युटी दिवसाला सरासरी १४ तास निघाली. आमच्या समोरच्या लोकांना विचाराल तर ते म्हणतील, सरासरी आहे म्हणून १४. नागपूरचं बंदोबस्ताचं कॅलेंडर बघा. रामनवमीला पोद्दारेश्वर मंदिराची शोभायात्रा, पोळ्याच्या पाडव्याला मारबत, मग गणपती, मग दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो लोक, ताजबागचा उर्स, जामठ्याला क्रिकेटची मॅच, आणि डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन. अधिवेशनाला बाहेरच्या जिल्ह्यांतून पोलीस येतात, शाळांत आणि मंगल कार्यालयांत सतरंज्यांवर झोपतात आणि पहाटेच्या थंडीत मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला नाहीतर टेकडी रोडला उभे राहतात. आपल्याला फक्त रस्ता बंद केलेला दिसतो. बॅरिकेडमागे उभ्या असलेल्या पोरीने सकाळपासून बाथरूमला कुठे जायचं, हे आपल्या मनात येत नाही. महिला पोलिसांची ड्युटी बारावरून आठ तासांवर आणायचा प्रयोग २०२१ मध्ये राज्यात ज्या मोजक्या ठिकाणी आधी झाला, त्यात नागपूर शहर होतं. चांगली गोष्ट होती. पण बंदोबस्त लागला की कोणाचे आठ तास आणि कोणाचे बारा!

मॉरिस कॉलेज टी-पॉइंटचं नाव घेतलं की २३ नोव्हेंबर १९९४ आठवतोच. अधिवेशनावर आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चावर तिथे लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जीव गेले. बहुतेक बाया आणि लेकरं. त्यांचं स्मारक झिरो माइलजवळ आहे, उड्डाणपुलालाही त्यांचं नाव आहे. एका निवृत्त हवालदारकाकांशी मी एकदा या विषयावर बोलले. ते म्हणाले, "पोरी, गर्दीत एकेक चेहरा पाहत बसलं तर हातून बंदोबस्त होत नाही. म्हणून आम्हाले चेहरा न पाहाची सवय लावतात. पण मग घरी गेल्यावरही ते लवकर जात नाही." पोलीस आपल्याकडे कसे बघतात, याचं इतकं प्रामाणिक उत्तर मला दुसरं कोणी दिलं नाही. त्याच २०१९ च्या अहवालात ३७ टक्के पोलीस म्हणाले होते की किरकोळ गुन्ह्यात खटल्यापेक्षा पोलिसांनीच छोटी शिक्षा देऊन टाकावी. मला हे अजिबात मान्य नाही. कानफटात मारणं हे पोलिसाचं काम नाही, कोणत्याही थकव्याने ते काम होत नाही. पण ही वृत्ती कुठून येते ते काकांच्या बोलण्यातून कळतं.

आणि आपण लोकही काही कमी नाही. सिग्नल तोडून पकडला गेलेला माणूस आधी खिशातून फोन काढतो. "भाऊंशी बोलता का जरा?" भाऊ म्हणजे नगरसेवक, आमदाराचा माणूस, वकील, पत्रकार, कोणीही. फोनवर कोणी सापडलं नाही तर पन्नासची नोट निघते. चौकात उभा असलेला शिपाई दिवसभर हेच बघतो. संध्याकाळपर्यंत त्याचं मत पक्कं होतं की समोरचा प्रत्येक जण सुटायला बघतोय. मग खरंच दवाखान्यात धावत निघालेल्या माणसावरही तो विश्वास ठेवत नाही.

२०१९ च्या सप्टेंबरात चांद्रयानाच्या विक्रम लँडरशी संपर्क तुटला, तेव्हा 'प्रिय विक्रम, उत्तर दे, सिग्नल तोडल्याबद्दल आम्ही तुझं चालान करणार नाही' अशा अर्थाचं ट्वीट नागपूर पोलिसांनी केलं होतं आणि देशभरातून त्यांच्यावर प्रेमाचा वर्षाव झाला. लोकांना पोलीस आवडायला हवेच आहेत. फक्त ते काउंटरवर आवडायला हवेत.

आता पंचांकडे येते, कारण तुमच्या प्रश्नाचा गाभा तिथे आहे आणि हे फार लोकांना माहीत नसतं.

आपला कायदा नुसत्या पोलिसांच्या शब्दावर सहसा विश्वास ठेवत नाही. पोलिसासमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, हे १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम २५ सांगत होतं आणि नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातलं कलम २३ ही तेच सांगतं. मारून कबुली घेतात म्हणून हे संरक्षण हवंच. पण मग पोलिसाने जप्त केलेला चाकू त्याच आरोपीच्या घरातून निघाला, हे न्यायालयाला सांगणार कोण? त्याच परिसरातले दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी. म्हणजे तुम्ही आणि मी. तपासात सामान्य माणसाला कायद्याने दिलेली ही सगळ्यात महत्त्वाची जागा आहे आणि ती आपण रिकामी ठेवतो.

रिकामी ठेवली की काय होतं तेही सांगते. तपास अधिकारी रात्री अकरा वाजता पंच शोधत फिरतो. कोणी दार उघडत नाही. मग तो ठेवणीतला माणूस बोलावतो, ठाण्याजवळचा चहावाला, पानठेल्यावरचा पोरगा, ज्याने आधीही अशाच सह्या केल्यात. तीन-चार वर्षांनी खटला उभा राहतो. आरोपीचा वकील त्या पोराला विचारतो, 'तू आणखी किती केसेसमध्ये पंच आहेस?' नाहीतर तो पोरगाच फितूर होतो, 'सही माझी आहे, कागदावर काय होतं माहीत नाही' म्हणून मोकळा होतो. आरोपी सुटतो. ज्याच्या घरी चोरी झाली तो म्हणतो, पोलिसांनी पैसे खाऊन केस ढिली केली. कधी खाल्लेलेही असतात. पण पुष्कळदा एवढंच झालेलं असतं की त्या रात्री अपार्टमेंटमधून कोणी खाली उतरलं नव्हतं.

एक महिला हवालदार माझ्याकडे दोषारोपपत्राचे सेट काढायला आल्या होत्या. आरोपी कोठडीत असला की ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र जावं लागतं, नाहीतर त्याला जामिनाचा हक्क मिळतो, म्हणून शेवटच्या रात्री अशी धावपळ असते. एक सेट कोर्टाचा, एक सरकारी वकिलांचा, एकेक प्रत्येक आरोपीचा. गठ्ठाभर कागद. पैसे त्यांनी स्वतःच्या पर्समधून दिले, बिल घेतलं नाही. 'मिळत नाही ताई, कोण मागे लागते,' म्हणाल्या. पंचनाम्याचं पान वर आलं तेव्हा त्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे दोघं टिकले तर बरं. नाही तर माझे तीन महिने गेले पाण्यात." त्या पानावर दोन सह्या होत्या, एक ठसठशीत आणि एक थरथरती. मी अजूनही पंचनाम्याची झेरॉक्स काढताना आधी सह्या बघते.

लोक पंच का होत नाहीत, तेही मला नीट माहीत आहे. कोर्टाची तारीख, दिवसाची मजुरी बुडते, तारीख पुढे जाते, आरोपी व्हरांड्यात समोरच उभा असतो, आणि बोलावणारा पोलीस तोवर बदलून गेलेला असतो. पंचाला कोणी पाणी विचारत नाही. महाराष्ट्रात गंभीर गुन्ह्यांत सरकारी कर्मचारी पंच म्हणून नेतात ते यामुळेच. माझ्या मते हा अर्धा उपाय आहे. त्याने केस टिकत असेल, पण वस्ती आणि ठाणं यांच्यातलं अंतर आणखी वाढतं.

अंतर कमी होतं ते ओळखीने. १७ मार्च २०२५ ला महाल भागात दंगल उसळली, पोलिसांवर दगड पडले, एका पोलीस उपायुक्तांवर कुऱ्हाडीने वार झाला, अकरा ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. त्या रात्री आमच्या बीटवरच्या हवालदाराने एकेका घरी फोन केले. "काकू, पोरगा घरी आहे ना? बाहेर नका सोडू." त्याच्याकडे नंबर होते, कारण तो आधीपासून दारोदार चहा प्यायला थांबत असे. आमच्या गल्लीतलं एकही पोरगं बाहेर पडलं नाही. सुरेश खोपडे यांनी १९८८ मध्ये भिवंडीत पोलीस उपायुक्त असताना पोलीस आणि रहिवासी यांच्या मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या, त्याचं तत्त्व हेच होतं. ज्या भिवंडीत १९८४ ला मोठी दंगल झाली होती, ती भिवंडी १९९२-९३ ला मुंबई पेटलेली असताना शांत राहिली. पण ओळख व्हायला माणूस एका जागी राहावा लागतो. २००६ च्या प्रकाश सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने ठाणेदाराला किमान दोन वर्षांचा कार्यकाळ द्या, तपास आणि बंदोबस्त वेगळा करा, पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी प्राधिकरण नेमा, असं सांगितलं होतं. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस कायद्यात बदल करून प्राधिकरणाची तरतूद केली. पण आमच्या समोर सकाळी तपासाला बसलेला अधिकारी दुपारी बंदोबस्ताला जातो, ते मात्र तसंच चालू आहे.

तर आता तुमच्या शेजाऱ्यांचं. त्यांना एकटं पाठवू नका, सोबत जा. एफआयआर झाला असेल तर प्रत मागून घ्या. काय काय गेलं त्याची यादी, बिलं असतील तर बिलांसकट, लेखी द्या आणि आपल्या प्रतीवर तारीख, शिक्का घालून पोच घ्या. तपास कुठवर आला हे तक्रारदाराला ९० दिवसांत कळवणं आता पोलिसांवर बंधनकारक आहे, त्याच नव्या संहितेचं कलम १९३. नाही कळवलं तर लेखी विचारा.

आणि पुन्हा कधी पंच हवेत म्हणून बेल वाजली, तर तुम्ही खाली उतरा. कोऱ्या कागदावर सही करू नका. पंचनामा पूर्ण वाचा, वेळ बरोबर टाकली आहे का बघा, जे समोर घडलं नाही ते कागदावर असेल तर तिथेच सांगा आणि खोडायला लावा, मगच प्रत्येक पानावर सही करा. झडती आणि जप्तीचं व्हिडिओ चित्रीकरण आता सक्तीचं आहे, त्यामुळे नंतर तुमच्या सहीवर कोणी शंका घेतली तरी तुम्ही एकटे पडत नाही. घरी एखादी बाई, पंधरा वर्षांखालचं मूल किंवा साठीपुढचं माणूस साक्षीदार असेल तर त्यांना ठाण्यात बोलावता येत नाही, जबाब घ्यायला पोलिसांनीच घरी यायचं असतं, हेही सांगून ठेवा. समन्स आलं की जा. आधी सरकारी वकिलांना भेटून तुमचा पंचनामा पुन्हा वाचायला मागा.

अर्ज टाइप करून हवा असेल तर शहरातल्या कोणत्याही ठाण्यासमोर माझ्यासारखं कोणी ना कोणी बसलेलं सापडेल.